दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर ४१० किमी, मग विमानाला नक्की किती वेळ लागतो?

ओंजळभर | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

पुढच्या महिन्यात बाबांना विमानाने घेऊन जायचंय. दोन्ही टोकांचे विमानतळ छोटे, एकेकच धावपट्टी, दिवसाला मोजकी विमानं. बाबांना मणक्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलंय, पण तासाभराहून जास्त एका जागी बसले की कळ पायात उतरते आणि पुढचे दोन दिवस झोप नाही. म्हणून मला वेळेचा नीट अंदाज हवाय.

अंतर काढून देणाऱ्या एका साइटवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. उत्तर आलं: ४१० किमी, उड्डाणाचा वेळ ३० मिनिटं. तिकिटावर लिहिलंय १ तास २० मिनिटं. दुसऱ्या साइटवर ४० मिनिटं, तिसरीवर ५८. विमान एटीआर ७२ आहे.

पहिला आकडा खरा असेल तर मी निर्धास्त. तिकिटावरचा खरा असेल तर तयारी करावी लागेल. कोणता धरू? आणि एवढा फरक येतो कुठून?

चौथी_रांग | रात्री ९:२२

तिकिटावरचा धरा. साइटवाले अंतराला वेगाने भागून मोकळे होतात.

तिरपी_खिडकी | रात्री ९:२५

३० मिनिटांच्या हिशेबात विमान थेट ढगात उगवतं आणि थेट ढगातच मावळतं असं धरलेलं दिसतंय. :)

निरुत्तर | रात्री ९:४०

माझं मत वेगळं. तिकिटावरची वेळ कंपन्या मुद्दाम फुगवून लिहितात, म्हणजे थोडा उशीर झाला तरी 'वेळेवर पोचलो' म्हणता येतं. मी आजवर या छोट्या विमानांनी दहा-बारा वेळा गेलोय, जवळजवळ प्रत्येक वेळी ठरलेल्या वेळेच्या आधीच उतरलोय. ताई, एक तास वीसवर विश्वास ठेवून उगाच घाबरू नका.

खडूफळा | रात्री १०:०५

आधी अंतराकडे बघू, कारण वाद वेळेचा असला तरी सुरुवात तिथून होते.

४१० किमी हे दोन विमानतळांच्या संदर्भबिंदूंमधलं, पृथ्वीच्या पाठीवरून काढलेलं सगळ्यांत जवळचं अंतर. फुगा घ्या, त्यावर दोन ठिपके काढा आणि दोघांमध्ये दोरा ताणा. तो दोरा ज्या वाटेने बसेल ते बृहद्वृत्त. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किमी धरायची आणि हॅवरसाइनच्या सूत्रात घालायचं, की उत्तर हातात. पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्तावर त्रिज्या ६३७८ किमी, ध्रुवाशी ६३५७. त्यामुळे गोल धरून काढलेल्या उत्तरात फार तर अर्धा टक्का चूक राहते. तुमच्या बाबतीत दोन किमी. सोडून द्या.

म्हणजे ४१० बरोबर आहे. घोळ आहे तो भागाकारात. ४१० किमी अर्ध्या तासात म्हणजे ताशी ८२० किमी. हा वेग मोठ्या जेट विमानाचा, तोही पूर्ण उंचीवर पोचल्यानंतरचा. एटीआर ७२ ला पंखे असतात, ते ताशी ५०० किमीच्या आसपास उडतं. ४१० भागिले ५०० म्हणजे ४९ मिनिटं. साइटने विमान कोणतं हे विचारलंच नाही, तिथेच गाडी चुकली.

पण या ४९ वरही समाधान मानू नका. विमान पूर्ण वेगाने फक्त मधल्या टप्प्यात उडतं. ते गणित या व्यवसायातल्या कुणीतरी मांडावं.

नकाशेवेडा | रात्री १०:३१

खडूफळा सर, मी तेच सूत्र वापरून स्वतः करून बघितलं (ताईंनी मला व्यक्तिगत निरोपात विमानतळांची नावं दिली). माझं उत्तर ४३२ किमी येतंय! दोनदा तपासलं. कोण चुकतंय?

खडूफळा | रात्री १०:३८

अक्षांश कसे लिहिलेत? विमानतळांच्या कागदपत्रांत ते अंश, मिनिटं, सेकंद असे देतात. २० अंश ३० मिनिटं म्हणजे २०.५ अंश. तुम्ही २०.३० घातलंत का?

नकाशेवेडा | रात्री १०:५२

घातलं हो! तेच झालं होतं. आता ४१० आलं. ०.२ अंशांचा फरक म्हणजे २२ किमी, आणि माझी चूकही बरोबर २२चीच. धन्यवाद सर, ही गोष्ट जन्मात विसरणार नाही.

वाराफिरे | मंगळवार, सकाळी ७:१५

मी उड्डाणांचे आराखडे तयार करण्याच्या कामात आहे. खडूफळा सरांनी जिथे सोडलं तिथून पुढे धरतो.

विमानात अंतर नॉटिकल मैलात मोजतात. एक नॉटिकल मैल १.८५२ किमी. ४१० किमी म्हणजे २२१ नॉटिकल मैल. पण विमान त्या ताणलेल्या दोऱ्यावरून जात नाही. निघताना ठरलेल्या वाटेने बाहेर पडायचं, पुढे हवाई मार्गावरचे बिंदू जोडत जायचं, मध्ये लष्करी हद्द असेल तर वळसा, शेवटी उतरण्याच्या वाटेला लागायचं. तुमच्यासारख्या मार्गावर २२१चे सहज २४० होतात.

आता हे २४० मैल एटीआर कसं कापतं ते बघा. छोट्या मार्गावर ते साधारण १७ हजार फुटांवर जातं. तिथे चढायला पंधराएक मिनिटं, आणि चढताना वेग कमी असल्यामुळे तेवढ्यात ४७ मैलच होतात. उतरण्याचा आमचा ठोकताळा असा, की दर हजार फुटांना तीन मैल. १७ हजार फुटांना ५१ मैल, म्हणजे १३ मिनिटं. उरले १४२ मैल. ते २७० नॉटच्या, म्हणजे ताशी २७० नॉटिकल मैलांच्या वेगाने ३२ मिनिटांत. बेरीज ६० मिनिटं.

हे झालं फक्त हवेतलं. जमिनीवर निघताना सातआठ मिनिटं, उतरल्यावर धावपट्टीवरून वळून बाहेर पडायला चारएक मिनिटं, मग विमान जागेवर न्यायला आणखी चार. एकूण ७६ मिनिटं. तिकिटावर ८०. निरुत्तर म्हणतात तो फुगवटा इथे चार मिनिटांचा आहे.

या दोन वेळांना आमच्याकडे वेगळी नावं आहेत. चाकं जमिनीवरून सुटली ते परत टेकली, हा हवेतला वेळ. उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले अडसर, म्हणजे चॉक, निघाले ते पुन्हा लागले, हा ब्लॉक टाइम. तिकिटावर कायम ब्लॉक टाइम असतो. त्या तिसऱ्या साइटवरचे ५८ हा बहुधा हवेतला वेळ आहे, आणि तो बराच बरोबर आहे.

निरुत्तर | सकाळी ८:०२

मान्य. पण मग मी दर वेळी लवकर कसा उतरलो?

वाराफिरे | सकाळी ८:२०

कारण ब्लॉक टाइम एका दिवसाचा नसतो. त्याच मार्गावरच्या बऱ्याच उड्डाणांचा अंदाज घेऊन, समोरून वारा असलेले दिवस, गर्दीचे दिवस असं सगळं धरून एकच आकडा ठरतो. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलं तर 'वेळेवर' धरण्याचा प्रघात बहुतेक ठिकाणी आहे, त्यामुळे थोडी ढील ठेवण्याचा मोह होतोच, ते तुमचं बरोबर. तुम्ही गेलात ते दिवस मोकळे असतील. एखाद्या वाऱ्याच्या दिवशी तीच ८० मिनिटं अपुरी पडतात.

शंकासूर | सकाळी ९:४५

एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे, इथे विचारतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान पश्चिमेला निघालं तर खालची जमीन त्याच्याकडेच येत असणार. पश्चिमेचा प्रवास लवकर व्हायला हवा ना? प्रत्यक्षात तर लांबच्या प्रवासात उलटंच दिसतं.

खडूफळा | सकाळी १०:१०

हवाही पृथ्वीबरोबर फिरते, आणि विमानही उड्डाणाआधीपासून त्याच वेगात असतं. चालत्या गाडीत चेंडू वर उडवला तर तो मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, तुमच्याच हातात येतो. विमानाला फरक पडतो तो जमिनीच्या तुलनेत हवा सरकते तेव्हा, म्हणजे वाऱ्याने. मध्यम अक्षांशांवर तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना ते ढकलतात, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना अडवतात. तुम्ही पाहिलेला फरक त्यांचा.

निरुत्तर | सकाळी १०:३०

पण जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून. जाऊन-येऊन हिशेब बरोबरीत सुटतो. त्यात काय एवढं?

खडूफळा | सकाळी ११:०२

नाही सुटत! वर्गात हे उदाहरण घातलं की अर्धी मुलं तुमच्याच बाजूने हात वर करतात, म्हणून मला ते फार आवडतं.

अंतर ४०० किमी, विमान ताशी ५००, वारा ताशी १००. समोरच्या वाऱ्यात विमान जमिनीच्या हिशेबाने ताशी ४०० ने जातं, म्हणजे ६० मिनिटं. पाठच्या वाऱ्यात ६०० ने, म्हणजे ४० मिनिटं. एकूण १००. वारा नसता तर ४८ आणि ४८, एकूण ९६. चार मिनिटं गेली ती गेलीच. कारण अडवणारा वारा विमानाला ६० मिनिटं अडवतो आणि ढकलणारा ४० मिनिटंच ढकलतो.

निरुत्तर | सकाळी ११:१५

सर, हे पटलं. कागदावर मांडून बघितलं तेव्हा पटलं.

वाराफिरे | सकाळी ११:३०

सरांच्या उदाहरणात एक भर. एटीआर जेट स्ट्रीमच्या खूप खालून उडतं, त्यामुळे त्याला वारा कमी लागतो. पण त्याचा स्वतःचा वेगही कमी. ४० नॉटचा समोरचा वारा २७० नॉटच्या विमानाचा १५ टक्के वेग खातो, ४५० नॉटच्या जेटचा ९ टक्के. म्हणून छोट्या विमानांच्या वेळा वाऱ्याने जास्त हलतात.

आणि कुणी विचारायच्या आधीच सांगतो: याच मार्गावर जेट असतं तरी ३० मिनिटं लागली नसती. जेटला चढायला आणि उतरायला मिळून १६० मैल लागतात, पूर्ण वेगाचा टप्पा दहाएक मिनिटांचाच उरतो. हवेत ४० मिनिटं धरा. एवढ्या जवळच्या अंतरासाठी पंख्याची विमानं वापरतात ती उगाच नाही. वीस मिनिटं जास्त घेतात, पण इंधन बरंच कमी पितात आणि आखूड धावपट्टीवर उतरतात.

तिरपी_खिडकी | दुपारी १२:०५

अवांतर: जवळच्या अंतराचा विषय निघालाय तर, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी विमानसेवा १९६७ पासून आहे. अंतर २.७ किमी. वेळापत्रकात वेळ २ मिनिटं. वारा पाठीशी असताना एकदा ५३ सेकंदांत झालंय. सीटबेल्टची सूचना संपायच्या आत उतरायची वेळ!

शंकासूर | दुपारी १२:१४

५३ सेकंद! आणि आपण इथे चढायला पंधरा मिनिटं मोजतोय. त्या विमानाला चढायचंच नसतं म्हणा.

घारदृष्टी | दुपारी २:४०

मी तीस वर्षं विमानतळाच्या टॉवरमध्ये काढली, त्यातली बरीचशी छोट्या विमानतळांवर. वाराफिरे यांनी जमिनीवरची मिनिटं झटकन बेरजेत टाकली. छोट्या विमानतळाची सगळी गंमत तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठ्या विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे असतो. विमान त्यावरून टोकापर्यंत जातं आणि उडतं. छोट्या विमानतळावर बऱ्याचदा तो नसतोच. विमान उभं राहायची जागा धावपट्टीच्या मधोमध कुठेतरी जोडलेली. मग उडायचं असलेलं विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत चालत जातं, तिथल्या रुंद जागेत पूर्ण गर्रकन वळतं आणि आल्या वाटेने धावत सुटतं. याला बॅकट्रॅक म्हणतात. खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं, आपण निघालो आणि परत का फिरलो? चार-पाच मिनिटं यात जातात. आणि तेवढा वेळ धावपट्टी अडलेली, वरून येणारं दुसरं विमान घिरट्या घालत थांबतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. विमान उडताना आणि उतरताना वारा समोरून घेतं. धावपट्टीच्या दोन टोकांना दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ०९ आणि २७. दिशेच्या अंशांतलं शेवटचं शून्य काढून टाकलं की तो आकडा, म्हणजे ०९ पूर्वेकडे, २७ पश्चिमेकडे. तुमचं विमान पश्चिमेकडून येतंय आणि वाराही पश्चिमेचा, तर ते धावपट्टी ओलांडून पुढे जाणार, वळून परत येणार आणि मग २७ वर उतरणार. आठ-दहा मिनिटं गेली. वारा पूर्वेचा असेल तर सरळ ०९ वर उतरलं, तेवढीच वाचली. तेच विमान, तेच अंतर, तोच दिवस. सकाळी एक वेळ आणि दुपारी दुसरी.

रडार नसलेल्या ठिकाणी तर दोन विमानांमध्ये आम्ही वैमानिकाने कळवलेली जागा आणि वेळ यांवरच अंतर राखायचो. एक खाली आलं, धावपट्टी सोडली म्हणाला, की मग दुसऱ्याला खाली बोलवायचं.

नकाशेवेडा | दुपारी ३:०५

घारदृष्टी काका, हा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. परत का फिरलो, हा प्रश्न मला दोनदा पडला होता.

मुक्कामपोस्ट | दुपारी ४:३०

माझा अनुभव सांगतो, ताईंनी घाबरू नये. सकाळी साडेसातचं विमान होतं, असंच छोट्या विमानतळावर जाणारं. पोचलो वेळेत, पण खाली दाट धुकं. अर्धा तास वर गोल गोल फिरलो. मग दुसऱ्याच शहरात उतरवलं आणि तिथून तीन तासांनी परत आणलं. ५५ मिनिटांच्या प्रवासाला पावणेसहा तास लागले. विमान कंपनीकडून ना पाणी, ना नीट उत्तर. त्या दिवशी माझ्या शेजारी एक आजी होत्या, त्यांचे पाय सुजले होते. मला त्यांचीच काळजी जास्त वाटत होती.

ओंजळभर | दुपारी ४:५०

बाप रे. हेच ऐकायची भीती होती. असं कितीदा होतं? आणि इंधन संपलं तर?

घारदृष्टी | सायंकाळी ५:१५

इंधनाची काळजी अजिबात करू नका. प्रवासापुरतं, शिवाय थोडं वरचं, शिवाय दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं, आणि त्याही पलीकडे ३० मिनिटं वर थांबता येईल एवढं इंधन घेतल्याशिवाय असं विमान निघतच नाही. मुक्कामपोस्ट यांना दुसरीकडे नेलं, कारण नियम पाळले.

धुक्याचं म्हणाल तर ते पहाटे दाटतं आणि ऊन चढलं की विरतं. दुपारनंतर जमीन तापून हवा वर उसळते, ढग वाढतात, धक्के जास्त बसतात. तुमचं विमान किती वाजता आहे?

ओंजळभर | सायंकाळी ५:२०

११:०५ ला निघणार, १२:२५ ला पोचणार.

घारदृष्टी | सायंकाळी ५:२४

उत्तम वेळ निवडलीत. तीच ठेवा.

पिवळं_जॅकेट | रात्री ८:४५

मी विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये आहे. विमान आलं की चाकांना चॉक लावायचे, निघताना काढायचे, शिड्या, व्हीलचेअर, सामान, सगळं आमच्याकडे. तिकिटावरच्या वेळेचं घड्याळ माझ्या हाताने सुरू होतं म्हणा ना! विमान जागेवर थांबलं, पंखे फिरायचे थांबले, समोरच्याने दोन्ही हात वर करून खूण केली, की वाकून चाकाच्या पुढेमागे चॉक सरकवायचे. रबराचे असतात, पिवळा पट्टा ओढलेले, बऱ्यापैकी जड.

ताई, सगळ्यांनी तुम्हाला छान हिशेब दिलाय, पण मला वाटतं तुमचा प्रश्न वेगळाच आहे. बाबा किती वेळ *बसणार*, हा तुमचा प्रश्न आहे. चॉक निघायच्या आधी ते वीस मिनिटं विमानात बसलेले असतील, आणि चॉक लागल्यावर दार उघडून खाली येईपर्यंत आणखी काही. ब्लॉक टाइममध्ये हे धरलेलं नसतं.

तीन गोष्टी सांगते.

व्हीलचेअर घेतलीत तर आम्ही तुम्हाला सगळ्यांत आधी चढवतो. बाकीच्यांसाठी ती सोय, तुमच्या बाबांसाठी तोटा. गेटवर स्पष्ट सांगा की मणक्याचा त्रास आहे, आम्हाला शेवटी चढवा. सहसा ऐकतात.

एटीआरमध्ये प्रवाशांचं दार बहुतेक वेळा मागे असतं, पुढचं दार सामानाचं. सवयीने लोक पुढची सीट मागतात आणि उतरताना सगळ्यांत शेवटी राहतात. तुम्ही मागची घ्या. चार-सहा पायऱ्या असतात, कठडा असतो.

सीटबेल्टचा दिवा बंद झाला की बाबांना लगेच उठवा. 'थोड्या वेळाने' म्हणालात तर खाली उतरायला सुरुवात होते आणि दिवा पुन्हा लागतो.

चौथी_रांग | रात्री ९:१०

मागच्या सीटला मी विरोध करीन. शेपटीकडे धक्के सर्वांत जास्त बसतात. पंखाजवळ विमान सर्वांत स्थिर. पाठीच्या पेशंटला धक्के नकोत.

पिवळं_जॅकेट | रात्री ९:१८

धक्क्यांचं खरं आहे. पण एटीआरमध्ये पंखाजवळ म्हणजे फिरत्या पंख्यांच्या जवळ. तिथली थरथर सतत असते, तासभर. धक्का आला तर दोन मिनिटांचा. आणि अकराच्या विमानाला हवा शांत असते, घारदृष्टी काका म्हणालेच.

चौथी_रांग | रात्री ९:२६

थरथरीचा विचार मी केला नव्हता. बाबांना कशाने जास्त त्रास होतो ते ताईंनाच माहीत.

ओंजळभर | रात्री ९:५०

त्यांना थरथरीने होतो. बसमध्ये इंजिनाजवळ बसले की लगेच. मागचीच सीट घेते. तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, बाबांनाही वाचून दाखवलं. आल्यावर लिहीन.

ओंजळभर | पाच आठवड्यांनंतर, शनिवार, सायंकाळी ६:३०

धागा वर काढते. जाऊन आलो. दोन्ही वेळा वहीत मिनिटं टिपली, बाबांनीच घड्याळ धरलं होतं.

जाताना: सीटवर बसलो १०:४२. दार बंद १०:५७. विमान हललं ११:०३. धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत जाऊन वळलं, बाबा म्हणाले, "हा बघ बॅकट्रॅक!" चाकं सुटली ११:१२. सीटबेल्टचा दिवा बंद ११:२४, पुन्हा लागला ११:५५. चाकं टेकली १२:१३. थांबलं १२:१८. बाबा खाली उतरले १२:२४.

म्हणजे हवेत ६१ मिनिटं, ब्लॉक ७५. वाराफिरे, तुमचा हिशेब एका-एका मिनिटाने चुकला! पण पिवळं_जॅकेट ताई म्हणाल्या तोच आकडा शेवटी महत्त्वाचा ठरला: एकूण बसणं १ तास ४२ मिनिटं. गेटवर सांगूनही व्हीलचेअर म्हणून आधीच चढवलं. ३१ मिनिटांच्या त्या दिव्याच्या खिडकीत बाबा दोनदा उठले, मागे शौचालयाजवळ पाच-पाच मिनिटं उभे राहिले. हवाई सुंदरीने स्वतःहून विचारपूस केली. पायात कळ आली, पण रात्री झोप लागली.

येताना वारा समोरून होता, हवेत ६८ मिनिटं लागली आणि ब्लॉक ८१, म्हणजे तिकिटापेक्षा एक जास्त. पण या वेळी गेटवरच्या मुलीने समजून घेतलं आणि खरोखर शेवटी चढवलं. बसलो ४:२८ ला, उतरलो ६:०४ ला. १ तास ३६. उड्डाण सात मिनिटांनी मोठं झालं आणि बसणं सहा मिनिटांनी कमी झालं.

वाराफिरे | सायंकाळी ६:५२

६१ आणि ७५! दिवस चांगला केलात.

पिवळं_जॅकेट | सायंकाळी ७:०५

वाचून डोळे भरून आले. पहिल्या वेळी ऐकलं नाही त्याचं वाईट वाटलं. उद्या आमच्या टीमला हे दाखवते, मणक्याच्या पेशंटना शेवटी चढवायचं म्हणून.

मुक्कामपोस्ट | सायंकाळी ७:२०

आईला घेऊन जायचंय, तिचे गुडघे दुखतात. सीट नक्की कोणती घेतली होतीत?

ओंजळभर | सायंकाळी ७:२८

शेवटून दुसरी रांग, वाटेकडची खुर्ची बाबांना, खिडकी मला. गुडघ्यांसाठी वाटेकडचीच घ्या, पाय लांब करता येतो.